पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर

३ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. ती तशीच राहू दे आणि पुढे वाच. फोनच करणार होते, पण फोन सुनेच्या हातात असतो आणि ती तो अख्ख्या घराला ऐकू जाईल असा लावते, हे तूच सांगितलं होतंस. शिवाय काकांनी बजावलंय, तुम्ही दोघी बोलायला लागलात की पाचव्या मिनिटाला भांडता, तेव्हा जे काय असेल ते कागदावर. चाळीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस, त्यांना कागदाशिवाय तहानसुद्धा लागत नाही.

तर कागदावर लिहिते. दहा तारखेला पाचशे पिल्लं येणार, एका दिवसाची. अट तुला माहीत आहेच, तरी पुन्हा लिहिते, नंतर वाद नको. बाबा कागद न करता गेले, म्हणून त्यांची शेड आणि मागच्या दोन खोल्या कुणाच्या हे या एका खेपेवर ठरणार. चार आठवड्यांनी काका स्वतः येऊन मोजणार. पन्नासपर्यंत मेली तर सगळं माझं. एक्कावन्नावं मेलं की तुझं, आणि मी सामान उचलायचं. उचलून कुठे न्यायचं ते मला माहीत नाही. नवऱ्याच्या घरचं दार बंद झालं, ते काही आता उघडत नाही.

आणि गंमत बघ, जिच्या विरुद्ध लढायचं तिलाच विचारायला निघालेय. हस, हस. पण बाबांच्या हाताखाली अकरा वर्षं तू राबलीस. त्यांच्या वेळी कोळशाची शेगडी होती, आता बल्ब आहेत, मला त्यातलं काही उमजत नाही. पहिल्या आठवड्यात ऊब किती ठेवायची, कशी मोजायची, एवढं सांग. भांडण आपल्या जागी, पिल्लांनी आपलं काय घोडं मारलंय?

तुझी,
छोटी


६ जानेवारी

छोटे,

आशीर्वाद. गरज पडली की ताई आठवते, गरज सरो वैद्य मरो. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा तुझं पत्र आलं नाही ते! तेव्हा त्यांची कूस बदलायला मी होते. असो.

मी इथे कशी आहे ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मुलाच्या घरात दोन खोल्यांच्या मधला जो बोळ आहे ना, चपलांच्या कपाटाशेजारी, तिथे माझी गादी. सून जाता-येता पायाला पाय लावते आणि ‘सॉरी’ म्हणते. दिवसातून वीस वेळा सॉरी. आपलं घर हागून भर, दुसऱ्याचं घर थुंकायचा डर. आणि हे म्हणे माझ्या मुलाचं घर! त्या दोन खोल्या मला का हव्यात ते आता तुला कळलं असेल. तुझी कीव येते, पण माझी मला जास्त येते.

आता ऐक. पत्र्याचं गोल कडं कर, गुडघ्याएवढं उंच, कोपरा कुठेही नको. खाली चार बोटं तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र. मधोमध पत्र्याची छत्री टांग, तिच्यात बल्ब. पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच दिवे लाव, जमीन तापली पाहिजे. आल्याबरोबर आधी पाणी, मग दाणा. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीन-तीनने उतरव. थर्मामीटर छत्रीच्या आत, वर, बल्बाच्या शेजारी बांध. तिथेच खरी ऊब कळते.

तुला यातलं काही ठाऊक नसणारच. थंडीत तू खोकायचीस म्हणून बाबा तुला पिल्लांच्या ब्रूडरच्या उबदार खोलीत पालथ्या बादलीवर बसवायचे. तू उबेत पेंगायचीस आणि मी बाहेर गार पाण्याचे हंडे वाहायचे. माझे हात फुटायचे, ते कुणी बघितलं?

हे पत्र वाचून झालं की जाळ. काकांच्या हाती लागलं तर म्हणतील, हिने शिकवलं म्हणून ती जिंकली.

ताई


११ जानेवारी

प्रिय ताई,

आली गं! खोके उघडले आणि शेड नुसती पिवळी झाली. एकेकाची चोच पाण्यात बुडवून सोडलं, पाचशे वेळा. कंबरेचा खुळखुळा झालाय.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. कडं, तूस, कागद, छत्री. थर्मामीटर वर बल्बाशेजारी बांधला. पस्तीसवर काटा, जरा इकडचा तिकडे नाही. पण ताई, काहीतरी चुकतंय. पिल्लं कड्यात पसरत नाहीत. सगळी छत्रीखाली एका ढिगात, एकमेकांच्या अंगावर चढून बसलीत. आणि ओरडणं! चिवचिव नव्हे, सुई टोचल्यासारखा आवाज. दाण्याकडे कुणी फिरकत नाही. आज सकाळी ढिगाच्या तळाशी पाच मेलेली निघाली, पाटासारखी चपटी. हातात घेतली तर पाय थंडगार.

मला भीती वाटते. खरंच वाटते, नाटक नाही. मी दिवे खाली घेऊ की वर? तू जे सांगशील ते करीन. तुला वाटेल, ही हरली तर बरंच. वाटू दे. पण एकदा या पाचशे जिवांकडे बघून सांग, आणि मग पुढे आपण दोघी आहोतच भांडायला.

छोटी


१३ जानेवारी

छोटे,

घाबरट ती घाबरटच राहिलीस. थर्मामीटर पस्तीस दाखवतो ना? मग झालं तर! काटा खोटं बोलत नाही, पिल्लं बोलतात.

एकमेकांना चिकटून बसतात ती त्यांची माया. आईविना जन्मलेली पोरं, दुसऱ्या कुणाला चिकटणार? आणि ओरडतात ती उकडतंय म्हणून. तू त्यांना भाजते आहेस. छत्री हातभर वर घे. चार बल्ब असतील तर दोन काढ. ओरडणं दोन दिवसांत आपोआप थांबेल, बघच.

पाच मेली त्याचं एवढं काय मनाला लावून घेतेस? पाचशेत पाच मरायचीच. पन्नासची मुभा आहे तुला.

इथे सुनेने काल विचारलं, ‘आई, तुम्ही गावाकडे कधी जाणार आहात?’ मी म्हटलं, बघू, फेब्रुवारीत कळेल. तिने लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

हेही पत्र जाळ.

ताई


१७ जानेवारी

ताई,

तू म्हणालीस तसं केलं. छत्री हातभर वर घेतली, दोन बल्ब काढले. ओरडणं दोन दिवसांत थांबलं, ते तुझं अगदी खरं ठरलं. आणखी पंचवीस गेली.

कशी गेली ते सांगू? आधी सगळी एका ढिगात शिरली. वरची खाली घुसायला बघायची आणि खालची चेपली जायची. मग आवाज बसला. चोच उघडायची, पण आतून काही यायचं नाही. मग डोळे मिटून एका बाजूला कलंडायची, पाय ताठ. शेवटचं एक होतं, डोक्यावर काळा ठिपका असलेलं. ते मेलेल्यांच्या पोटाखाली शिरून बसलं होतं, तिथे थोडी ऊब शिल्लक असेल म्हणून. तेही गेलं.

एकूण तीस झाली. अजून एकवीस गेली की मी बाहेर. ताई, आणखी काही उपाय असेल तर सांग. नसेल तर तसं सांग. मी तुझ्या खोल्या झाडून ठेवीन, मनात अढी ठेवणार नाही.

छोटी


१९ जानेवारी

छोटे,

वाचून जीव हळहळला. ठिपक्याचं तर मनातून जाईना. पण काय करणार, तुझ्या हाताला यशच नाही. संसाराचं तेच झालं, पिल्लांचं तेच. रागावू नकोस, बहीण म्हणून बोलते. नाचता येईना अंगण वाकडं, असं मात्र म्हणू नकोस. सांगितलेलं मी सगळं नीट सांगितलं.

आता एकच उपाय. दुसरा आठवडा लागला की दिवे पूर्ण बंद कर. बाबाही तेव्हा शेगडी विझवायचे. पिल्लं कणखर होतात. खिडक्याही उघड्या टाक, हवा खेळू दे. दोन दिवस जड जातील, मग बघ कशी टुणटुण उड्या मारतील.

आणि झालंच काही वेडंवाकडं, तर तू तरुण आहेस, पंचेचाळीस म्हणजे काही फार नाही. कुठेतरी स्वयंपाकाचं, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम मिळेल. मी बाबांकडे राबलेच की अकरा वर्षं, फुकट राबले. खोलीतल्या मोठ्या कपाटाला हात लावू नकोस, ते तिथेच राहू दे. आणि न्हाणीघराची कडी सैल झाली होती, ती बसवून घेतलीस का?

ताई


२४ जानेवारी

ताई,

सत्तर झाली. मोजणं सोडून दिलंय.

काकांना मी अजून काही कळवलेलं नाही. सात फेब्रुवारीला ते येतील तेव्हा आपोआप दिसेलच. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

तू कधी येतेस ते कळव. न्हाणीघराची कडी बसवून घेतली आहे. खिडकीशेजारची खोली तुझ्या पाठीला बरी, सकाळचं ऊन येतं, तीच झाडून ठेवते. कपाट रिकामं केलंय. तिथल्या बोळात तरी आता किती दिवस अंग चोरून राहशील? मुलाला एकदा सांगून टाक. सुनेलाही. इतकी वर्षं तोंड दाबून बसलीस, आता कसली भीती? जे मनात आहे ते बोल आणि हक्काने आपल्या घरी ये.

छोटी


२७ जानेवारी

छोटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रडू आलं, खोटं कशाला बोलू. मनाने तू मोठी निघालीस.

आणि आज मी बोलले! काय बोलले म्हणून विचारू नकोस. सुनेचं चौदाव्यांदा ‘सॉरी’ झालं आणि मी गादीवर उठून बसले. म्हटलं, पाय तुझे आंधळे नाहीत, मन आंधळं आहे. तुझ्या आईला या चपलांच्या शेजारी झोपवशील का? मुलगा मधे पडला, तर त्यालाही सोडलं नाही. म्हटलं, बायकोच्या पदराआड लपणारा तू, तुला वाढवला त्यापेक्षा शंभर कोंबड्या वाढवल्या असत्या तर अंडी तरी मिळाली असती. वीस वर्षांचं ओझं उतरलं बघ. मुलगा एवढंच म्हणाला, ‘एकदा गेलीस की परत इथे जागा नाही, आई.’ मी म्हटलं, मागते कोण?

बोळातली गादी दोरीने बांधली आहे. त्या जागी संध्याकाळीच कपडे धुवायचं यंत्र येऊन बसलं. बसू दे मेलं.

काका सातला मोजतील, मी दहाला पोचते. तू लगेच निघायची घाई करू नकोस. आठ-पंधरा दिवस राहा, मागच्या पडवीत तुझं अंथरूण घालू. मी काही वैरीण नाही.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

गादी सोडू नकोस आणि गाडीतही बसू नकोस. काल काका आले. सोबत कोंबड्यांचे डॉक्टर होते. दोघांनी मिळून दोनदा मोजलं. चारशे सहासष्ट पिल्लं आहेत, अंगावर पिसं फुटलेली, धडधाकट. मेली ती चौतीस. कागदावर काल संध्याकाळी सही झाली. शेड माझी, दोन्ही खोल्या माझ्या.

आता नीट ऐक. मी बादलीवर पेंगत नव्हते. माझे डोळे उघडे असायचे. सहाव्या वर्षापासून पाच हिवाळे मी त्या खोलीत बसून दुसरं काहीच बघितलं नाही, फक्त पिल्लं बघितली. थंडी वाजली की पिल्लू उबेपाशी ढीग करतं आणि टोचल्यासारखं ओरडतं. उकडलं की चोच वासून कडेला पळतं. सुखात असलं की कडंभर पसरतं आणि आपसात कुजबुजतं. बाबा थर्मामीटर गुडघे टेकून बांधायचे, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर. बल्बाशेजारी बांधला तर तो बल्बाची ऊब सांगतो, पिल्लांची नाही. माझ्या कड्यात वर पस्तीस होते तेव्हा खाली सत्तावीस होते. हे मला अकरा तारखेलाच दिसलं. तुझ्या शब्दावर भरवसा ठेवून पाच पिल्लं मारली, आणि त्याच दुपारी छत्री खाली घेतली.

पण तरी म्हटलं, ताईची चूक झाली असेल, म्हातारपणी विसरली असेल. म्हणून जसं दिसत होतं तसंच तुला लिहून विचारलं. एक अक्षर खोटं नव्हतं त्या पत्रात. तू नुसतं ‘दिवे खाली घे’ एवढं लिहिलं असतंस, तर मीच तुला एक खोली दिली असती. देवाशप्पथ दिली असती. तू लिहिलंस, माया आहे ती, छत्री वर घे.

काकांना कागद लागतो, हे तू विसरलीस, आणि नुसतं जिंकून भागणार नव्हतं, उद्या तू कोर्टात गेली असतीस. तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवली होती, एकही जाळलं नाही. पण काका म्हणाले असते, सल्ला चुकीचा असेल, त्यात वाईट हेतू कशावरून? सल्ल्याने पिल्लं मरतात कशावरून? म्हणून मी पंचवीस पिल्लं वेगळी काढली. मागच्या कोठीत छोटं कडं केलं. तुझ्या पत्रात होतं तसंच सगळं, छत्री हातभर वर, बल्ब अर्धे, थर्मामीटर वर. आणि वही घेऊन शेजारी बसले. दोन दिवस. कोणतं कधी गेलं ते वेळेनिशी लिहिलं. पन्नासची मुभा होती, पंचवीस मला परवडत होती. चार पुढे आपल्या मरणाने गेली, बाकीची शेडमध्ये मस्त मजेत होती.

डॉक्टरांनी वही आणि पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि म्हणाले, हे ठरवून केलेलं आहे. काका म्हणाले, ‘हुशार आहेस.’ मग पंपावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले. चहा नको म्हणाले.

सत्तर मेली, दिवे बंद केले, ते सगळं मी रचलं. तू मुलाला आणि सुनेला तोडून बोलावंस, तुझी परतीची वाट तुझ्याच हाताने बुजावी, म्हणून लिहिलं. तू मला दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला पाठवत होतीस ना? आता तू शोध.

कपाट पुन्हा भरलंय.

छोटी


१६ फेब्रुवारी

छोटे,

तुझं पत्र पोचायच्या आधीच मी निघाले होते. काकांच्या दारातच कळलं सगळं; तुझं पत्र मागाहून मुलाने काकांकडे पाठवलं, ते वाचलं. त्यांनी पाणी दिलं, आत ये म्हणाले नाहीत. मुलाला फोन लावला, सुनेने उचलला. यावेळी सॉरी म्हणाली नाही. सध्या एका शिंपिणीच्या दुकानात आहे. दिवसभर काजं-बटणं करते, दुकान बंद झालं की मशीन सरकवून तिथेच गादी घालते. हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. जिंकलीस, खोल्या तुझ्या. मी कोर्टात जाणार नाही, काकांच्या पाया पडणार नाही.

मी केलं ते मान्य आहे. थर्मामीटर कुठे बांधायचा ते मला झोपेतही सांगता येईल. मी ठरवून खोटं लिहिलं. मला ती पिल्लं मरायला हवी होती, सगळीच्या सगळी. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन पोटभर जेवले. एवढी नीच मी आहे. कुणी तोंडावर थुंकलं तरी पुसणार नाही.

पण दिवसभर काजं करताना दुसरं काही सुचत नाही म्हणून तुझं ते सतरा तारखेचं पत्र आठवत बसते. ते खोटं नव्हतं, हे आता कळलं. ढीग, बसलेला आवाज, काळा ठिपका, सगळं तू बघून लिहिलं होतंस. मला वाटलं होतं, तू रडत लिहिते आहेस.

माझ्यापासून ती पिल्लं एवढी लांब होती. मी लिहिलं ते कागदावर, त्यांचं ओरडणं माझ्या कानावर आलं नाही. तुला ऐकू येत होतं. थंडीचं ओरडणं कोणतं ते तुला सहा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे, तूच म्हणतेस. दोरी तुझ्या हाताशी होती. वीतभर सैल सोडली असतीस तर छत्री खाली आली असती. तू घड्याळ बघितलंस आणि वहीत वेळ लिहिलीस.

बाबांकडे अकरा वर्षं होते मी. चिडून कितीदा ठरवलं होतं, आज मरू देत सगळी, शिकेल म्हातारा. एकदाही जमलं नाही. ओरडायला लागली की पाय आपोआप आत वळायचे.

मी त्या कोठीत असते ना छोटे, तर शेड तुला गेली असती तरी चाललं असतं, पण तासाभरात उठून मी दिवा खाली केला असता.

ताई